युद्धातून निसटलेल्या मुलांची गोष्ट मुलांसाठी कशी लिहावी

निर्वासित मुलांवर कथा लिहायला बसलेला लेखक बहुतेक वेळा पळापळीपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकून पडतो. अंधारी रात्र, बंदरावरची रेटारेटी, गर्दीत सुटलेला हात यांतच बहुतेक पाने खर्ची पडतात आणि मूल एकदाचे सुरक्षित जागी पोहोचले की दोन परिच्छेदांत कथा आवरली जाते. नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकासाठी लिहायचे असेल, तर हे प्रमाण बदलावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. घर सोडण्याचा भाग एक तृतीयांश असावा आणि उरलेली दोन तृतीयांश कथा नव्या जागी पोहोचल्यानंतरची असावी. पळून येणे काही दिवसांचे किंवा काही महिन्यांचे असते; त्यानंतर नळावर नंबर लावणे, अनोळखी भाषेत भांडणे, शेजारच्या पोराशी दोस्ती करणे हे अनेक वर्षे चालते. शिवाय ठाण्यातल्या किंवा ऐरोलीतल्या वाचकाने युद्ध पाहिलेले नसते, पण नव्या वर्गात पहिल्या दिवशी कुठे बसावे हा प्रश्न त्याला पुरेपूर ठाऊक असतो. कथेत शिरण्याचे त्याचे दार तेच आहे.

घटना जवळची निवडा

निर्वासितांची कथा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकदम सीरिया, अफगाणिस्तान किंवा युक्रेन येते. त्यांवर लिहू नये असे मुळीच नाही, परंतु पहिली कथा लिहिणाऱ्याने आपल्या आसपासचा इतिहास आधी पाहावा, कारण तो चालत जाऊन तपासता येतो. ठाण्याहून अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत लोकलने निघावे आणि विठ्ठलवाडीला किंवा उल्हासनगरला उतरावे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या छावण्यांमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली गेली आणि ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हणतो.

फाळणीची जी चित्रे आपल्या मनात असतात ती बहुतांशी पंजाबची असतात. सिंधची गोष्ट निराळी आहे आणि लेखकाने ती निराळीच ठेवली पाहिजे. सिंध प्रांताची वाटणी झाली नाही. तो अखंड पाकिस्तानात गेला. ऑगस्ट १९४७ मध्ये तिथे तुलनेने शांतता होती, त्यामुळे अनेक कुटुंबे थोडे दिवस थांबून पाहू म्हणत राहिली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर निघणाऱ्यांची रीघ लागली. कोणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले, कोणी कराची बंदरातून बोटीने मुंबईला उतरले. म्हणजे तुमच्या कथेतली सिंधी मुलगी प्रेतांनी भरलेल्या गाडीतून येईलच असे नाही. कदाचित ती बोटीच्या डेकवर उलट्या करत येईल, आणि मागे राहिलेल्या घराचे कुलूप नीट लागले आहे का यावरून तिचे वडील वाटभर अस्वस्थ असतील.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकिकत तर मराठी बालसाहित्याने हातात घ्यावी म्हणून वाट पाहत बसली आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूने जर्मनीने आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना १९४० आणि १९४१ मध्ये सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर या लोकांची सुटका झाली आणि त्यांच्यातली काही कुटुंबे मध्य आशिया, इराण आणि कराची असा प्रवास करत हिंदुस्थानात पोहोचली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले आणि त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती. पोलिश मंडळी गेल्यावर त्याच छावणीत सिंधी निर्वासितांना जागा मिळाली आणि तिथे आजचे गांधीनगर वसले. एकाच बराकीत आधी एक पोलिश मुलगा आणि त्यानंतर एक सिंधी मुलगा राहिला, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

आजच्या युद्धावरच लिहायचे असेल, तर बातम्यांतल्या बॉम्बफेकीपेक्षा शाळेचे वेळापत्रक शोधा. २०११ नंतर सीरियातून लेबनॉन आणि जॉर्डनमध्ये गेलेल्या मुलांसाठी तिथल्या अनेक सरकारी शाळांनी दुपारची दुसरी पाळी सुरू केली. सकाळी त्याच बाकांवर स्थानिक मुले बसतात आणि दुपारी निर्वासित मुले. दोन पाळ्यांच्या शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. बाकाच्या खणात विसरलेली पेन्सिल, सकाळच्या मुलाने फळ्यावर अर्धवट सोडलेले गणित, अशा धाग्यावर एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन मुलांची कथा विणता येते.

विचारायला जाल तेव्हा

१९४८ मध्ये आठ वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशीच्या पुढे आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. अशा आजी-आजोबांकडे जाताना ओळखीतल्या कोणाला तरी बरोबर न्यावे, कशासाठी आलो आहोत हे स्पष्ट सांगावे, त्यांची परवानगी असेल तरच ध्वनिमुद्रण करावे आणि कथेत त्यांचे नाव किंवा घराची ओळख पटेल असा तपशील ठेवू नये. ‘तेव्हा नेमके काय झाले?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. त्याला ठरीव उत्तर मिळते, आणि कधीकधी माणूस नको तिथे जाऊन पोहोचतो. नळ कुठे होता, रात्री दिवा कशाचा होता, पहिल्यांदा शाळेत कोणी सोडले, कोणता खेळ इथे येऊन शिकलात, आईने पहिल्या दिवशी काय शिजवले, असे हाताला लागणारे प्रश्न विचारावेत. त्यांना जे सांगायचे आहे ते या प्रश्नांच्या मागून आपोआप येते. मध्येच ते गप्प झाले, तर आपणही गप्प बसावे आणि पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नये.

काळाचा तपशील मात्र आठवणींवर सोडू नये. मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३ पासून आहे. अशा जुन्या ग्रंथालयात दोन-तीन दुपारी बसून त्या काळाविषयीची पुस्तके चाळावीत आणि एक साधी कालपट्टी तयार करावी. १९४९ च्या कथेत महाराष्ट्र राज्य येणार नाही, कारण ते १ मे १९६० रोजी झाले. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, म्हणून तुमचा नायक पापड विकून आणेच मोजेल आणि सोळा आण्यांचा रुपया करील. नवी मुंबई तर तेव्हा नव्हतीच. ते शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची आहे, त्यापूर्वी तिथे आगरी-कोळी गावे, भातशेती आणि मिठागरे होती. मुले अशा चुका पकडतात, आणि एक चूक पकडली की मग बाकीच्या कथेवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

मुलाच्या उंचीवरून

युद्ध का झाले हे मुलाला ठाऊक नसते, आणि लेखकाने ते त्याच्या तोंडून सांगू नये. मोठी माणसे हळू आवाजात बोलू लागतात, शाळेला अचानक सुटी मिळते, रोजचा दूधवाला येत नाही, घरातली तांब्याची भांडी एकेक करून कमी होतात, आणि आई दिवसाउजेडीच स्वयंपाक उरकते. मूल युद्ध ओळखते ते या फरकांवरून. दहा वर्षांच्या निवेदकाने कुठल्या कराराची कलमे सांगितली की कथा पाठ्यपुस्तक होते.

आमच्या लेखनगटात या मुद्द्यावर एक सराव घेतला जातो. ‘छावणीत फार हाल होते’ हे वाक्य द्यायचे आणि हाल सांगणारे एकही विशेषण न वापरता ते दाखवायला सांगायचे. त्यातून तयार झालेला एक परिच्छेद असा आहे:

‘कार्डावर सहा नावे होती आणि खोलीत पाच माणसे होती. रांगेत उभी असताना आईने सांगितलेले वाक्य लाली मनात घोकत होती. खिडकीपाशी पोहोचल्यावर आतल्या माणसाने वर न बघता विचारले, किती? लालीने मागे पाहिले. आई दूर नळाजवळ उभी होती आणि तिची पाठ इकडे होती. सहा, लाली म्हणाली. माणसाने सहा मापे पीठ ओतले. परत येताना डबा जड लागत होता. आईने तो हातात घेतला, जरासा उचलून पाहिला आणि काही न बोलता झाकण लावले.’

सहावा माणूस कोण, तो वाटेत वारला की मागे राहिला, हे इथे सांगितलेले नाही. वाचणारे मूल ते विचारते, आणि त्याने विचारावे यासाठीच ती जागा रिकामी ठेवलेली आहे. त्याचे उत्तर कथेत पुढे कुठेतरी यायलाच हवे. मुलाला कायमचे अंधारात ठेवणे हा प्रामाणिकपणा नव्हे. शिवाय पोरीने खोटे सांगितले ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा लेखकाने करू नये. पाचवी-सहावीची मुले त्यावर तासभर वाद घालतात आणि तो वाद फार मोलाचा असतो.

हिंसा किती दाखवावी

हिंसा लपवू नये आणि चवीने रंगवूही नये. तिचा परिणाम दाखवावा: जळून गेलेल्या दुकानाचे शटर, परत न आलेला शेजारी, फटाके वाजले की टेबलाखाली शिरणारा धाकटा भाऊ. दिवाळीतल्या ठाण्यात लिहिलेल्या कथेला हा शेवटचा तपशील पुरेसा आहे. जखमांची वर्णने आणि बायकांवरील अत्याचार या वयोगटाच्या कथेत आणू नयेत. ‘त्या रात्री काय झाले ते मावशी कधीच बोलली नाही’ एवढे म्हणून पुढे जावे. मरण आले तर ते साध्या शब्दांत यावे. ‘देवाघरी गेले’ म्हणून टाळाटाळ करण्यापेक्षा ‘आजोबा वारले’ हे वाक्य मुलाला अधिक आधार देते. प्रकरणाचा शेवट सगळ्यांत भयंकर क्षणावर करू नये, कारण वर्गात किंवा घरी रोज एक प्रकरण वाचले जाते आणि मूल तो क्षण रात्री झोपताना सोबत घेऊन जाते.

कोण चांगले, कोण वाईट

इथे लेखकाची खरी परीक्षा होते. फाळणीवर लिहिताना संपूर्ण समाजाला खलनायक करणारे एक वाक्यसुद्धा मुलाच्या मनात अनेक वर्षे घर करून राहते. जे घडले ते माणसांनी केले, म्हणून ते माणसांच्या नावावर लिहावे: अमक्या गल्लीतल्या तमक्या मुलाने दगड मारला. तसेच, ‘पण त्यांच्यातही एक चांगला होता’ असे दाखवण्यासाठी शेवटी एक भला शेजारी चिकटवू नये. तो पहिल्या प्रकरणापासून कथेत असावा, त्याचे उधारीचे खाते असावे, त्याच्या मुलाशी नायकाची पतंगावरून भांडणे झालेली असावीत, म्हणजे तो निरोप देतो तेव्हा वाचकाला दुःख होईल.

निर्वासित मूलसुद्धा संत नसावे. ते चिडावे, त्याने चोरावे, आपल्या जुन्या घराविषयी फुशारक्या माराव्यात, मदत करणाऱ्या बाईंचा राग करावा. सतत कृतज्ञ असलेले मूल वाचकाला खोटे वाटते, आणि ज्याची फक्त कीव यावी अशा मुलाशी कोणी खेळायला जात नाही. त्याचप्रमाणे, कल्याणच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या मराठी मुलाने येऊन त्याचा उद्धार केला अशी रचना टाळावी. इथल्या मुलाला आपला नळ, आपले मैदान वाटून घ्यावे लागते म्हणून रागही येईल, आणि तो राग कथेत दिसू द्यावा. दोघांची मैत्री व्हायची असेल तर ती एकमेकांची गरज पडून व्हावी. एकाला गणित येते आणि दुसऱ्याला रेल्वे फाटकाजवळची चिंच कोणत्या वेळी राखणीशिवाय असते ते ठाऊक असते.

नवी सुरुवात, म्हणजे कथेचा मोठा भाग

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक खास अडचण येते आणि ती सोडवण्यात फार गंमत आहे. सबंध पुस्तक मराठीत आहे, नायिकेचे विचार मराठीत आहेत, परंतु ती मुळात सिंधी बोलणारी आहे आणि तिला मराठी येत नाही. मग कल्याणच्या बाजारात ऐकू येणारी मराठी वाचकाला परकी कशी वाटावी? त्यासाठी अशा जागी संवाद पूर्ण लिहू नयेत. भाजीवाली बोलते तेव्हा तिच्या वाक्यातले नायिकेला कळलेले दोनच शब्द लिहावेत आणि बाकीच्या जागी आवाज, हातवारे, चेहरा यांचे वर्णन द्यावे. प्रकरणे पुढे सरकतील तसे कळणारे शब्द वाढत जावेत, आणि एका प्रसंगात पहिल्यांदा पूर्ण वाक्य यावे. ते वाक्य ‘ए, बाजूला हो’ असे रागाचे असले तरी चालेल. ते तिला समजले हेच महत्त्वाचे आहे. सिंधी शब्द मोजके वापरावेत. मोठ्या भावाला ‘अदा’ आणि बहिणीला ‘अदी’ एवढ्यानेही घराचा सूर लागतो, आणि अर्थ प्रसंगातूनच कळला पाहिजे.

शाळेविषयी लिहिण्यापूर्वी चौकशी करावी. उल्हासनगरच्या छावण्यांत सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या होत्या, त्यामुळे नायिकेला सरळ मराठी शाळेत नेऊन बसवणे सोपे असले तरी ते खरे असेलच असे नाही. तिला मराठी भेटेल ती स्टेशनवर, बाजारात, दवाखान्यात, लोकलच्या डब्यात. छावणीत सरकारी शिधा मिळत असे, पण त्याच्या भरवशावर किती दिवस काढणार, म्हणून घरोघर पापड लाटले गेले, गोळ्या-मिठाई बांधली गेली आणि ती विकायला मुलेही बाहेर पडली. मुलाच्या कमाईविषयी लिहिताना त्यातला अभिमान आणि बुडालेली शाळा या दोन्ही गोष्टी राहू द्याव्यात.

बराकीचे वर्णन करताना भिंतींपेक्षा पडद्यांकडे लक्ष द्यावे. लष्करी शिपायांसाठी बांधलेल्या लांबलचक दालनात अनेक कुटुंबे राहू लागली, तेव्हा दोन घरांच्या मधली भिंत म्हणजे दोरीवर टाकलेली चादर किंवा गोणपाट. पलीकडच्या घरातले खोकणे, भांडण, रात्रीचे रडणे सगळे ऐकू येते, आणि सकाळी दोघीही काही ऐकलेच नाही अशा चेहऱ्याने नळावर भेटतात. अशा घरात मूल कुठे एकटे बसते, आपली वस्तू कुठे लपवते, अभ्यास कोणत्या वेळी करते, याचा विचार केला की प्रसंग आपोआप सुचत जातात. जेवणाचेही तसेच आहे: पहिल्यांदा दाल-पकवान करायला लागणारे सामान जमले तो दिवस घरात सणासारखा जाऊ शकतो, आणि मागच्या घरातल्या चवीशी तुलना करून आजी नाक मुरडूही शकते.

शेवटाविषयी माझे मत ठाम आहे. नायकाने वक्तृत्व स्पर्धा जिंकली आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवून त्याला आपला मानला, हा शेवट आता पुरे झाला. ज्याला बक्षीस मिळत नाही त्या मुलालाही या गावात राहायचा हक्क आहे, आणि कथा नकळत उलटे सांगून जाते. जुन्या घरी परत जाणेही बहुधा शक्य नसते. त्याऐवजी चालू झालेल्या एखाद्या कामावर थांबावे: वडिलांनी भाड्याच्या गाळ्याला रंग लावायला घेतला आहे, बहिणीने नव्याने आलेल्या कुटुंबाला नळाची वेळ सांगितली आहे. दिवाळी अंकातली अडीच हजार शब्दांची कथा असेल, तर एवढ्या एका प्रसंगावर ती नीट उतरते.

हातातून सोडण्यापूर्वी

खर्डा तयार झाला की पाचवी ते आठवीच्या मुलांना तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत. आमच्या गटातली मुले हटकून व्यवहाराचे विचारतात. कुत्रे मागे राहिले त्याला खायला कोण घालते? वार्षिक परीक्षा बुडाली तर पुन्हा त्याच इयत्तेत बसावे लागले का? बोटीवर शौचाला कुठे जायचे? ज्या प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ नसते, तिथे कथा अजून पुरती रचलेली नाही असे समजावे. त्यानंतर ज्या समाजाविषयी लिहिले आहे त्यातल्या निदान एका जाणत्या वाचकाला खर्डा द्यावा आणि नातेवाचक शब्द, जेवण, पूजेचे प्रसंग व नावे त्यांच्याकडून तपासून घ्यावीत. चित्रकारालाही हीच माहिती द्यावी, नाहीतर सिंधी आजीच्या अंगावर नऊवारी चढते.

पुस्तक असेल तर शेवटी एक पान इतिहासाचे ठेवावे आणि त्यात काय खरे व काय कल्पित हे मुलांना स्पष्ट सांगावे. त्याच पानावर सांगता येईल की १९५१ मध्ये निर्वासितांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने त्यावर आजवर सही केलेली नाही, तरीही १९५९ मध्ये तिबेटमधून आलेल्यांना आणि १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना इथे आसरा मिळाला. २०२४ च्या अखेरीस जगभरात युद्ध आणि छळामुळे घर सोडावे लागलेल्यांची संख्या १२ कोटींच्या वर होती आणि त्यांत दर दहांतली सुमारे चार मुले होती, हा आकडाही तिथेच शोभतो; कथेच्या मजकुरात तो आणू नये. शेजारी एक नकाशा छापावा आणि त्यावर कराची, मुंबई, कल्याण यांच्याबरोबर वाचकाचे ठाणेही दाखवावे. नकाशाची मोजपट्टी विसरू नये, कारण मुले बोटाने अंतर मोजतात.